भोंगा वाजतच असतो
वजन घटवणारी इंजेक्शनं आणि शरीराचा स्वतःचा हिशेब

२०२५ साली २७ ऑगस्टला गणपती बसले. पोलादपूर तालुक्यातल्या बहिणीच्या घरी दुपारी पंगत बसली, तेव्हा भाच्याच्या पानातल्या दोन मोदकांपैकी अर्धा तसाच राहिला. हा मुलगा एके काळी पैज लावून अकरा मोदक खायचा. बहिणीने त्याच्या पानाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "दादा, तू तरी विचार त्याला. दोन घासांत हात धुतो. मुंबईत काय करून घेतलंय कुणास ठाऊक."

रात्री आरती झाल्यावर ओटीवर बसून त्याने सगळं सांगितलं. वय चौतीस, राहणं डोंबिवलीत, नोकरी बसून करायची. एप्रिलमध्ये वजन ९६ किलो होतं. रक्तदाब वाढलेला, साखर काठावर. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. ऑगस्टअखेर काटा ८५ वर आला होता. एका कुपीचे ४,३७५ रुपये, म्हणजे महिन्याचे साडेसतरा हजार. घराचा हप्ता वेगळाच.

"मामा, आता झेपत नाही," तो म्हणाला. "अकरा किलो उतरलं ते उतरलं. बंद केलं तर चालेल ना?"

मी डॉक्टर नाही. बारावी शास्त्र झालो आणि महाडच्या एका औषधाच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरवर उभा राहिलो. औषधांच्या वेष्टनातल्या बारीक अक्षरांतल्या घड्या उलगडून वाचायची सवय तिथेच लागली. पुढे इंटरनेट आलं आणि मूळ शोधनिबंध वाचायची वाट सापडली. तरीही भाच्याच्या एका ओळीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे वाचलं, ते इथे मांडतो आहे. कारण हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड हे औषध 'मौंजारो' नावाने भारतात आलं. जूनमध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' नावाने आलं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. त्यानंतर देशी कंपन्यांच्या स्वस्त इंजेक्शनांना वाट मोकळी, आणि आज डोंबिवलीत विचारला जाणारा प्रश्न उद्या महाडच्या बाजारपेठेतही ऐकू येईल.

महाडचा विंचू, ॲरिझोनाचा सरडा

विषातून औषधाची वाट सापडते, हे महाडला नव्याने सांगायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली जवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत दगावत. विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक रसायनांचा पूर येतो, ती रसायनं रक्तवाहिन्यांवरच्या ठराविक रिसेप्टरांवर जाऊन बसतात आणि हृदयावर असह्य ताण येतो. बावस्करांनी रक्तदाबाची एक साधी गोळी, प्राझोसिन, वापरून हे रिसेप्टर अडवले. १९८६ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरचं कुलूप असं समजू. प्राझोसिन कुलपाच्या भोकात बोळा घालतं, म्हणजे चुकीची किल्ली आत जात नाही. वजनाची नवी इंजेक्शनं याच्या उलट वागतात. ती बनावट किल्ली आहेत. कुलपात बसतात आणि ते उघडतातही.

या किल्लीची कहाणीसुद्धा विषापासूनच सुरू होते. आपण जेवतो तेव्हा आतड्याच्या शेवटच्या भागातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठराला सावकाश रिकामं व्हायला सांगतं आणि मेंदूला 'जेवण पोचलं' असं कळवतं. अडचण एवढीच, की रक्तातलं एक विकर ते दोनेक मिनिटांत तोडून टाकतं. निरोप पोचतो आणि पुसला जातो. असं क्षणभंगुर द्रव्य औषध म्हणून काय कामाचं?

न्यूयॉर्कमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे डॉ. जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास याचं उत्तर गिला मॉन्स्टर या विषारी सरड्यात सापडलं. ॲरिझोनाच्या वाळवंटात राहणारा हा प्राणी वर्षातून मोजक्याच वेळा खातो. त्याच्या विषातला एक्सेंडिन-४ हा रेणू जीएलपी-१च्याच कुलपात बसत होता आणि लवकर तुटत नव्हता. त्यावरून बनवलेलं मधुमेहाचं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी मानवी जीएलपी-१मध्येच फेरफार केले आणि त्याला मेदाम्लाची शेपटी जोडली. त्या शेपटीमुळे रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरत राहतो. सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो, टिर्झेपॅटाइडचं सुमारे पाच दिवसांत. टिर्झेपॅटाइड जीएलपी-१बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही कुलूप उघडतं.

शरीर जो निरोप दोन मिनिटांपुरता पाठवतं, तो औषध आठवडाभर अखंड पाठवत राहतं. भाच्याचा अर्धा मोदक का उरला, याचं उत्तर इथे आहे. त्याच्या मेंदूला सकाळपासूनच 'आताच जेवलास' असं सांगितलं जात होतं.

उलटा भोंगा

आता शरीराच्या स्वतःच्या बंदोबस्ताकडे वळू. पावसाळ्यात सावित्रीचं पाणी चढू लागलं की महाडमध्ये भोंगा वाजतो आणि बाजारपेठेतले व्यापारी माल माळ्यावर चढवू लागतात. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर त्या आवाजाने छातीत धस्स होतं. शरीरातही असाच एक भोंगा आहे, फक्त तो उलटा बसवला आहे. पातळी चढली तर तो जेमतेम कुरकुरतो. पातळी उतरली की मात्र बोंब ठोकतो.

ही पातळी म्हणजे चरबीचा साठा. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचा शोध लावला. हे संप्रेरक चरबीच्याच पेशी बनवतात. साठा मोठा तर लेप्टिन जास्त, साठा घटला तर लेप्टिन कमी. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग त्याची नोंद ठेवतो. लेप्टिन घसरलं की तो एकाच वेळी दोन हुकूम सोडतो: भूक वाढवा आणि खर्च कमी करा. लेप्टिन वाढलं तर मात्र तितक्या जोराने उलटे हुकूम सुटत नाहीत. यामागे एक पटण्यासारखं कारण दिलं जातं. माणसाच्या इतिहासात उपासमारीने माणसं मेली, तशी जाडीने फारशी मेली नाहीत.

या भोंग्याचा आवाज नेमका किती, हे मोजायची एक युक्ती अमेरिकेतल्या केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यातली एक घेणाऱ्याच्या शरीरातून दिवसाला सुमारे ३६० कॅलरी निघून जातात आणि त्याला ते जाणवतही नाही. अशा रुग्णांचं वजन वर्षभर पाहून हॉल यांनी हिशेब मांडला. वजन दर किलोने घटलं, की माणूस नकळत दिवसाला सुमारे १०० कॅलरी जास्त खाऊ लागतो. शरीराचा खर्चही दर किलोमागे वीस-तीस कॅलरींनी घटतो. म्हणजे आपण ज्याला 'चयापचय मंदावणं' म्हणतो, त्यापेक्षा भुकेचा रेटा तिपटीहून मोठा आहे.

हे आकडे सरासरीचे आहेत, माणसागणिक ते बदलणार. तरी भाच्याच्या अकरा किलोंना लावून पाहा. भूक दिवसाला अकराशे कॅलरींनी वाढलेली, म्हणजे सहा-सात तांदळाच्या भाकऱ्या जास्त मागणारी. खर्च पावणेतीनशेच्या आसपास कमी झालेला. 'मनावर ताबा नाही' असं आपण सहज म्हणून टाकतो, पण ताबा कशावर ठेवायचा आहे तेही पाहिलं पाहिजे.

हा भोंगा थोड्या दिवसांनी दमून गप्प होतो का? मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये पन्नास स्थूल माणसांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवून वजन उतरवलं. वर्षभरानंतर पाहिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं, लेप्टिन उतरलेलंच होतं आणि माणसांना पूर्वीपेक्षा जास्त भूक लागतच होती.

इंजेक्शन भोंगा बंद करतं का?

या लेखाचा गाभा हाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे.

इंजेक्शन लेप्टिनला हात लावत नाही. चरबी घटते तसं लेप्टिन घटतंच आणि भोंगा सुरू होतोच. औषध त्याच वेळी मेंदूच्या मागच्या भागातल्या आणि हायपोथॅलॅमसमधल्या जीएलपी-१च्या कुलपांना 'पोट भरलं आहे' असा निरोप देत राहतं. त्या निरोपाखाली भोंग्याचा आवाज दबतो. हॉल यांनीच २०२४ मध्ये केलेल्या गणिती विश्लेषणातून असं दिसतं, की वजन घटल्यावर भुकेचा जो रेटा येतो त्याला ही औषधं बरीच कमजोर करतात, पण शून्यावर आणत नाहीत. म्हणून तर औषध चालू असतानाही वर्ष-दीड वर्षाने वजन एका पातळीवर येऊन थांबतं. तिथे औषधाचा जोर आणि भोंग्याचा जोर सारखा झालेला असतो. पुष्कळ लोक या टप्प्यावर 'औषध लागू पडेनासं झालं' म्हणतात. खरं तर ते आहे तेवढंच काम करत असतं. समोरचा रेटा वाढलेला असतो.

इथे एक गैरसमज दूर करू. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावते, म्हणून त्या एकदम तोडायच्या नसतात. काउंटरवर हे मी शेकडो वेळा सांगितलं असेल. भाच्यालाही तीच भीती होती, की इंजेक्शनने स्वतःचं जीएलपी-१ कायमचं बंद पडेल. पण स्टेरॉइडच्या बाबतीत मेंदू ते ग्रंथी अशी जी हुकमाची साखळी असते, तशी इथे नाही. जेवण आतड्यात पोचलं की पेशी जीएलपी-१ सोडतात. इंजेक्शन थांबल्यावर भूक परत येते, ती शरीराचं काही बिघडलं म्हणून नव्हे. शरीर पूर्वीसारखंच चोख काम करत असतं, म्हणून.

हे निव्वळ तर्क नाहीत. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. पुढे काही जणांवर औषध थांबवून वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा उतरलेल्या वजनातला दोन-तृतीयांश भाग परत चढला होता. रक्तदाबासारखे सुधारलेले आकडेही माघारी वळले होते. टिर्झेपॅटाइडचंही तसंच. ३६ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरल्यावर निम्म्या माणसांचं औषध गुपचूप पाण्याने बदललं. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्क्यांनी वाढलं. ज्यांचं चालू राहिलं त्यांचं आणखी ५.५ टक्क्यांनी घटलं.

याच चाचणीतला आणखी एक आकडा सांगायला हवा. औषध बदललेल्यांपैकी सुमारे सहांत एकाने उतरलेल्या वजनाचा ऐंशी टक्के भाग वर्षभर राखला. म्हणजे ते अशक्य नाही. पण आपण त्या सहांतले एक असू, असं गृहीत धरून कुणी औषध सोडू नये.

पुण्याचं बाळ

इथवरची गोष्ट अमेरिका-युरोपातल्या माणसांची झाली. आपल्या बाबतीत तिला आणखी एक पदर आहे आणि तो पुण्यात उलगडला.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, तर आपलं २.७ किलोचं. पण वजन कमी म्हणून सगळंच सारख्या प्रमाणात कमी नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. गरोदरपणात शेतात जास्त राबणाऱ्या आणि पाणी वाहणाऱ्या बायांची बाळं आणखी लहान होती. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर डोक्यावरचा हंडा आणि लावणीचा चिखल कुणाला चुकला होता? माझ्या बहिणीला तर नाहीच.

२००४ साली याज्ञिकांनी आपलं आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून लठ्ठ. आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी असते.

इंजेक्शनाच्या संदर्भात हे महत्त्वाचं आहे. वजन कशानेही उतरो, निव्वळ चरबी कधीच जात नाही. या औषधांच्या चाचण्यांत उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा ते दोन-पंचमांश भाग चरबीखेरीजचा होता. त्यात पाणी आणि इतर ऊतीही आल्या, पण स्नायूही आले. पुढे वजन परत चढताना ते कसं चढतं, हे अमेरिकेत १९४५ सालीच दिसलं होतं. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. उपास सुटल्यावर त्यांची चरबी आधी भरली, अगदी पूर्वीपेक्षाही जास्त, आणि स्नायू मागून रेंगाळत आले.

आता दोन्ही गोष्टी जोडू. ज्याच्याकडे स्नायू मुळातच कमी, त्याने सहा महिने इंजेक्शन घेतलं, चरबीबरोबर थोडे स्नायूही गमावले, मग पैसे संपले म्हणून थांबला आणि वजन प्रामुख्याने चरबीच्या रूपात परत चढलं. काट्यावर तो पुन्हा ९६ किलोचा. पण एप्रिलमधले ९६ आणि हे ९६ सारखे नाहीत. रक्तातली साखर प्रामुख्याने स्नायूच उचलतात. त्यामुळे साखर काठावर असलेल्या माणसाने हे टाळायला हवं. 'लग्नापुरतं घेतो आणि सोडतो' असं म्हणणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते.

भाच्याला दिलेलं उत्तर

या औषधांना शिव्या घालण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. हृदयविकार असलेल्या १७,६०४ स्थूल माणसांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं, हे २०२३ मध्ये सिद्ध झालं. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी हे मोठं वरदान आहे. मळमळ आणि बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते. पित्ताशयाचे खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. गरोदरपणात हे औषध चालत नाही, आणि घरात कुणाला थायरॉइडचा विशिष्ट कर्करोग झाला असेल तरी चालत नाही. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

सप्टेंबरच्या मध्यावर मी भाच्याला फोन केला. म्हटलं, "तुझे वडील रक्तदाबाची गोळी अठरा वर्षं घेतायत. दाब उतरला म्हणून गोळी सोडत नाहीत. कारण गोळी आहे म्हणून दाब उतरलेला आहे. तुझंही तसंच आहे." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे जन्मभर?"

याचं सरळ उत्तर आज तरी 'बहुतेकांना दीर्घकाळ' असंच आहे. पण त्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, खर्च झेपत नाही हे डॉक्टरांना स्पष्ट सांग, आपल्या आपण तोडू नकोस. पेटंट संपल्यावर किमती उतरतील. तोवर मात्रा किती ठेवायची, दुसरं औषध चालेल का, हे ठरवायचं काम त्यांचं आहे.

दुसरी, व्यायाम. कोपनहेगनमध्ये १९५ माणसांवर झालेल्या चाचणीत काहींना याच जातीचं जुनं औषध, लिराग्लुटाइड, वर्षभर दिलं आणि काहींना औषधाबरोबर नेमाने व्यायामही करायला लावला. दोन्ही थांबवून वर्ष झाल्यावर पाहिलं, तर नुसतं औषध घेतलेल्यांचं वजन जास्त चढलं होतं, व्यायामही केलेल्यांचं कमी. भोंगा दोघांच्याही शरीरात वाजत होता. पण व्यायाम करणाऱ्यांनी औषधाच्या काळात अशी एक सवय कमावली होती, जी औषधाबरोबर संपली नाही. दबलेल्या भुकेचे हे महिने स्नायू बांधण्यासाठी वापरायचे. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचलायची, बाकीचे दिवस झपझप चालायचं.

तिसरी, पान. भूकच अर्धी झाली असेल तर पानातला प्रत्येक घास कामाचा हवा. दोन घासांत पोट भरत असेल तर ते दोन घास नुसत्या भाताचे नकोत. आधी प्रथिनं, मग भात. त्यासाठी महागडी पावडर घ्यायला नको. कुळथाचं पिठलं, कडवे वाल, अंडी, सुकट, हे तर आपल्या घरचंच खाणं आहे.

भाचा डॉक्टरांकडे जाऊन आला. औषध तूर्त चालू आहे. पैशांसाठी त्याने नवा मोबाइल घ्यायचं पुढे ढकललं. डोंबिवलीतल्या एका व्यायामशाळेत नाव घातलं आहे. पहिल्या आठवड्यात जिना उतरता येईना, असं फोनवर सांगत होता.

बहिणीला हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं. लेप्टिन, घ्रेलिन यांत तिला रस नव्हता. तिने एकच विचारलं, "म्हणजे तो रुसून जेवत नव्हता असं नाही ना?" नाही म्हटलं. मग उठून तिने कुळथाचं पीठ दळायला काढलं. मुंबईला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर दोन किलो पीठ आणि सुकटीची पुडी गेली आहे.